बडोद्याचे आखाडे आणि अस्थिसंधानाची विद्या

खंडेराव गायकवाडांच्या कारकीर्दीत, १८६० नंतरच्या दशकात, लुई रुसले नावाचा एक फ्रेंच प्रवासी बडोदे दरबारचा पाहुणा म्हणून येऊन राहिला होता. हत्तींच्या साठमाऱ्या, मल्लांच्या कुस्त्या आणि दरबारी थाट यांची तपशीलवार वर्णने त्याने आपल्या प्रवासग्रंथात केली आहेत. परंतु त्यांतील सर्वांत अंगावर येणारा भाग आहे तो नखांच्या कुस्तीचा, जीत मल्ल मुठीत शिंगाची टोकदार नखे बांधून, भांग आणि अफू यांच्या अमलाखाली, एकमेकांवर तुटून पडत आणि ज्या खेळातून अंगावर ओरखडा न उमटता कोणी बाहेर पडत असेल असे ते वर्णन वाचून तरी वाटत नाही. रुसलेने राजा पाहिला, मल्ल पाहिले, रक्त पाहिले. दुसऱ्या दिवशी त्या मल्लांच्या जखमा कोणी धुतल्या, फाटलेली कातडी कोणी जुळवली, उखडलेला खांदा कोणी बसविला, ही चौकशी त्याने केली नाही. आणि याचा दोष त्या परक्या माणसाच्या एकट्याच्या माथी मारण्यातही अर्थ नाही, कारण आमच्या बखरकारांनी आणि शाहिरांनीसुद्धा कुस्तीच्या निकालापुढे जाऊन ती चौकशी कधी केल्याचे दिसत नाही.

आज क्रीडावैद्यक या भारदस्त नावाने जी शाखा वैद्यकाच्या महाविद्यालयांत शिकविली जाते, तिचे आमच्याकडील पूर्वरूप शोधावयाचे तर ते राजवैद्यांच्या पोथ्यांत कमी आणि आखाड्याच्या मातीत अधिक सापडते. आखाड्यातील वस्ताद हा केवळ डावपेच शिकविणारा गुरू नव्हता. पठ्ठ्याच्या खुराकाचा कारभार, त्याची मालीश, त्याच्या मेहनतीचे मोजमाप आणि त्याच्या मोडतोडीची दुरुस्ती ही सर्व खाती त्या एकाच माणसाकडे असत. एखादा पोरगा जोर काढताना डावा खांदा चुकवू लागला, किंवा बैठका मारताना एका पायावर भार टाकू लागला, की ते प्रथम वस्तादाच्या नजरेत भरे, कारण ते शरीर तो लहानपणापासून रोज पहाटे उघडे पाहत आलेला असे. दवाखान्यात एकदाच भेटणाऱ्या निष्णात वैद्याला जे विचारून काढावे लागते ते याला न विचारता कळे. वस्तादाची सगळी मातबरी या दीर्घ परिचयात होती. त्याच्या लेपांत आणि काढ्यांत ती जितकी होती असे लोक मानीत, तितकी नव्हती असे माझे मत आहे.

कुस्तीच्या हौद्याची माती हीच मुळात एक औषधी सामग्री असे. तांबडी माती बारीक चाळून तीत ताक, तेल, हळद, लिंबाचा रस, कापूर आणि काव कालवीत, आणि ती रोज खोऱ्याने उलटून मऊ ठेवीत. ताकातेलाने मातीची ढेकळे बनत नाहीत व धूळ उडत नाही, हळदकापराने खरचटलेल्या अंगाला बाधा होत नाही, असा त्यामागचा हिशेब होता आणि तो बराचसा खराही होता. तरीपण एकाच हौद्यात चाळीस-पन्नास अंगे रोज लोळू लागली म्हणजे गजकर्णाला हळद किती पुरी पडणार? जुन्या तालमींत त्वचेचे विकार एकाकडून दुसऱ्याकडे सहज जात, आणि मातीचे गुण गाणारे लोक ही गोष्ट सोयीस्करपणे वगळतात.

मल्लाचा कान ही या विद्येच्या मर्यादेची सर्वांत स्पष्ट खूण होय. प्रतिस्पर्ध्याच्या मनगटाचे घिस्से मानेवर आणि कानशिलावर बसू लागले म्हणजे कानाच्या पाळीवरची कातडी आतल्या कूर्चेपासून सुटते, त्या पोकळीत रक्त साकळते, आणि कूर्चेला जे पोषण त्या कातडीतूनच मिळावयाचे ते तुटल्यामुळे ती आक्रसून, गोळा होऊन, कायमची कठीण बनते. ते रक्त वेळीच सुईने काढून कान दाबून बांधला तर आकार वाचतो. पण आखाड्यात मोडलेला कान ही दुखापत नव्हती, ती सनद होती. नव्या पोराचा कान केव्हा मोडतो याची तो पोरगाच वाट पाहत असे. ज्या व्याधीचा रोग्याला अभिमान वाटतो तिच्यावर उपचार होणार कसा!

शास्त्राच्या बाजूने पाहिले तर आधार पुष्कळ प्राचीन आहे. सुश्रुतसंहितेत भग्नाचे म्हणजे अस्थिसंधींच्या इजेचे निदान आणि चिकित्सा यांना स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. त्यांत निखळलेल्या सांध्यांचे सहा आणि मोडलेल्या हाडांचे बारा प्रकार सांगितले असून, तरुणास्थी वाकतात, नळीची हाडे मोडतात आणि कवटीसारखी हाडे तडकतात, असा हाडांच्या जातीनुसार इजेचा भेदही केला आहे. वड, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन यांच्या साली आणि वेळूच्या कांबी यांच्या पट्ट्या बांधाव्यात. बंध ढिला राहिल्यास सांधा स्थिर राहत नाही आणि घट्ट झाल्यास सूज, वेदना व पाक होतो. म्हणून तो सोडून पुन्हा बांधावयाचा तो थंडीत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळी पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी, हे सगळे तेथे नमूद आहे. पण मला या अध्यायात सर्वांत विस्मयकारक वाटते ती गोष्ट वेगळीच आहे. हाताची इजा बरी झाल्यावर त्या हातात प्रथम मातीचा गोळा धरावयास द्यावा, मग सैंधवाचा खडा, आणि बळ आल्यावर दगड, असा क्रम तेथे घालून दिला आहे. हाड जुळले म्हणजे रोगी बरा झाला असे न मानता, तो हात पुन्हा कामास लागेपर्यंत वैद्याची जबाबदारी संपत नाही, हा आधुनिक पुनर्वसनवैद्यकाचा पायाभूत विचार त्या तीन वस्तूंत पुरता सामावलेला आहे. त्याच संहितेने व्यायाम अर्ध्या शक्तीनेच करावा, श्वास तोंडावाटे येऊ लागला की थांबावे, असाही दंडक घातला आहे. तो मात्र कोणत्याही मल्लाने कधी पाळला नाही, आणि पाळला असता तर तो मल्ल राहिला नसता हेही उघड आहे.

शास्त्र आणि माती यांच्यामधला दुवा पाहावयाचा तर गुजरातेतील ज्येष्ठीमल्लांकडे वळावे लागते. मोढेऱ्याच्या परिसराशी संबंध सांगणारी ही ब्राह्मण मल्लांची ज्ञाती; तिचे मल्लपुराण नावाचे संस्कृत पुराण पुढे १९६४ मध्ये बडोद्याच्याच गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत छापून निघाले. चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या बाराव्या शतकातील मानसोल्लासात मल्लविनोदाचे जे प्रकरण आहे, त्याप्रमाणे याही ग्रंथात मल्लांच्या श्रेणी, त्यांचा आहार आणि मेहनतीचे प्रकार सांगितले आहेत. खांबावर करावयाचा स्तंभश्रम तर आमच्या मल्लखांबाचा पूर्वज म्हणून ओळखीचा वाटतो. कोणत्या ऋतूत, कोणत्या देहाने, किती श्रम करावे याची चर्चा पुराणाच्या चौकटीत यावी, यावरूनच हा विषय त्या लोकांच्या लेखी किती गंभीर होता ते दिसते. या मल्लांच्या शाखा जेठी किंवा जेट्टी या नावाने दक्षिणेत म्हैसूरपर्यंत पसरल्या, आणि तेथे ते कुस्तीइतकेच अंग रगडण्यासाठी आणि निखळलेले सांधे बसविण्यासाठी प्रसिद्धीस पावले. माणसे लढविणारा आणि माणसे जोडणारा असे दोन वेगळे धंदे तेथे नव्हतेच.

खांदा बसविण्याची रीतच घ्या. खांदा पुढच्या बाजूस निखळला म्हणजे त्याचा गोल आकार जाऊन वरच्या हाडाखाली बोट जाईल असा खळगा पडतो, आणि मल्ल दुसऱ्या हाताने कोपर तोलून धरून, मान त्याच बाजूला कलती करून बसतो. जाणता वस्ताद त्याला उताणा निजवी, त्याच्या बगलेत आपली टाच लावी, मनगट दोन्ही हातांनी धरून, झटका न देता, एकसारखा ताण देई. स्नायू थकून ढिले पडत तोपर्यंत काही ना काही बोलत राही, आणि मग एक बारीकसा खट्ट आवाज होऊन हाड खोबणीत जाई. सुश्रुताने याच कामासाठी बगल मुसळाने उचलून धरावी आणि नंतर स्वस्तिकबंध बांधावा असे सांगितले आहे. ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांत टाचेचीच पद्धत आहे. यानंतर आंबेहळदीचा लेप, कांडवेलीचा रस, तेलाचा शेक वगैरे जे होई त्याने सांधा बसत नसे. परंतु तेवढ्या निमित्ताने पठ्ठा काही दिवस एका जागी बसे, हा लाभ काही थोडा नव्हे.

आता या विद्येचे काळे पान. निखळणे आणि मोडणे यांतला भेद बोटांनी नेहमीच कळत नाही. सांध्यालगत हाड मोडलेले असताना ते निखळले आहे असे समजून ओढाताण केली म्हणजे मोडलेली टोके शिरा आणि मज्जातंतू यांत घुसतात. त्याहून भयंकर गोष्ट म्हणजे वेळूच्या कांबींचा घट्ट बंध. इजा झालेला हात पहिल्या दोन दिवसांत सुजतो, बंध सैल होत नाही, रक्त वाहणे थांबते. बोटे आधी मुंग्या आल्यासारखी, मग बधिर, मग काळी पडतात. सुश्रुताने बजावून ठेवलेले संकट ते हेच. पण ज्याने पोथी वाचली नाही आणि ज्याचा बाप असाच बांधीत असे, अशा हाडवैदाच्या हातून किती हात कोपराखाली कापून टाकावे लागले असतील त्याची गणती कोठेच नाही. वस्तादाच्या विद्येला वही नव्हती. यशाची आठवण गावभर होई, अपयश त्या एका घरात राही. आणि ज्या विद्येत अपयशाची नोंद होत नाही ती पिढ्यान्‌पिढ्या चालली तरी वाढत नाही.

बडोद्याचे महत्त्व येथे येते. सयाजीराव गायकवाडांच्या दीर्घ राजवटीत तेथील मराठी समाजात ज्या संस्था नावारूपास आल्या, त्यांत जुम्मादादा व्यायाममंदिराचे स्थान मोठे आहे. जुम्मादादा हे जुन्या वळणाचे उस्ताद. त्यांची गादी त्यांचे शिष्य राजरत्न प्रोफेसर माणिकराव यांनी चालविली आणि तिचे रूप पालटून टाकले. शेकडो मुलांना एका आज्ञेने कवाईत करता यावी म्हणून देशी भाषेतील हुकूम त्यांनी रूढ केले, सांघिक व्यायामाची पद्धत बसविली, आणि त्याबरोबरच अस्थिसंधानात असा लौकिक मिळविला की मोडलेला माणूस त्यांच्याकडे नेणे हे बडोद्यात स्वाभाविक मानले जाई. जुन्या वस्तादाची सर्व खाती त्यांनी सांभाळली. फरक इतकाच की आखाड्यातील गुप्त विद्येला त्यांनी पाठशाळेची शिस्त लावली. गुप्त ठेवण्याच्या खोडीने आमच्या कितीतरी कला मेल्या आहेत, त्यामुळे हा फरक लहान समजू नये.

माणिकरावांच्या शिष्यांत १९०७ ते १९१० या काळात एक तरुण होता, जगन्नाथ गणेश गुणे. जन्म १८८३ चा, डभोईचा. पुढे नर्मदाकाठच्या मालसर येथील माधवदासजी महाराजांकडे त्याने योगाभ्यास केला, अमळनेरच्या राष्ट्रीय शिक्षणसंस्थेत काम केले, आणि स्वामी कुवलयानंद या नावाने तो सर्वपरिचित झाला. या गृहस्थाच्या मनाची ठेवण विलक्षण होती. उड्डियानबंध आणि नौली या योगक्रियांनी पोटाच्या आत नेमके काय होते, हा प्रश्न गुरूला विचारून किंवा ग्रंथात शोधून त्यांचे समाधान झाले नाही. १९२०-२१ च्या सुमारास त्यांनी आपल्या काही विद्यार्थ्यांना बडोद्याच्या इस्पितळात नेऊन त्या क्रिया क्ष-किरणांसमोर करावयास लावल्या. राँटजेनने ते किरण शोधून काढल्याला जेमतेम पाव शतक लोटले होते. १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन झाले आणि त्याच वर्षी योगमीमांसा हे त्रैमासिक निघाले, त्यात अशा प्रयोगांचे वृत्तान्त, आकडे आणि छायाचित्रे येऊ लागली. व्यायाम करणाऱ्या जिवंत शरीराच्या आत डोकावून पाहण्याची आणि जे दिसेल ते छापून टाकण्याची ही रीत आखाड्याला सर्वस्वी नवी होती, आणि ती आखाड्यातच वाढलेल्या माणसाने आणावी यात मला बडोद्याचे खरे पुण्य दिसते. बडोद्यातूनच आबासाहेब मुजुमदारांनी व्यायाम मासिक चालविले आणि १९३६ ते १९४९ या अवधीत व्यायामज्ञानकोशाचे दहा खंड सिद्ध केले; आमच्या देशी व्यायामाचा एवढा मोठा संग्रह दुसऱ्या कोणी केलेला नाही.

याच सुमारास युरोपात खेळाडूंच्या वैद्यकाचा स्वतंत्र संसार मांडला जात होता. १९२८ मध्ये सेंट मॉरिट्झच्या हिवाळी ऑलिंपिकच्या वेळी निरनिराळ्या देशांचे डॉक्टर एकत्र जमून त्यांनी या विषयाची आंतरराष्ट्रीय संघटना उभारली. आमची मंडळी त्याआधीच, १९२० मध्ये, अँटवर्पच्या ऑलिंपिकला जाऊन आली होती. दोराबजी टाटांच्या पुढाकाराने, पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या सामन्यांतून निवडलेल्या त्या पथकात फडेप्पा चौगुले मॅरॅथॉनमध्ये एकोणिसावे आले, कोल्हापूरकडील रणधीर शिंदे यांचे कुस्तीतील पदक थोडक्यात हुकले. जिमखान्याच्या मैदानावर अनवाणी धावणारी शेतकऱ्यांची पोरे पाहून दोराबजींना त्यांच्या वेळेचे कौतुक वाटले. त्या पायांच्या तळव्यांचे काय होत असेल हा विचार मात्र कोणत्याही कमिटीच्या विषयपत्रिकेवर आल्याचे माझ्या वाचनात नाही.

कोल्हापुरात परिस्थिती निराळी होती, कारण तेथे दरबार होता. शाहू छत्रपतींनी तालमींना आश्रय दिला, देशभरचे नामांकित मल्ल पदरी बाळगले, १९१२ मध्ये खासबागेचे मैदान बांधून काढले. पहिलवानाला दरबारातून तनखा आणि खुराक मिळे, म्हणून गुडघा धरला तर एखादा हंगाम हौद्याबाहेर बसणे त्याला परवडत असावे. संस्थाने गेली आणि ही सोय संपली. त्यानंतर काय झाले ते खाशाबा जाधवांच्या चरित्रात दिसते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ मध्ये लंडनच्या ऑलिंपिकला गेला, मातीची सवय असताना गादीवर लढला, आणि तरीही सहावा आला. १९५२ च्या हेलसिंकीसाठी पैसे जमेनात तेव्हा राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, आणि खाशाबांनी स्वतंत्र भारताला वैयक्तिक खेळातले पहिले ऑलिंपिक पदक आणून दिले. १९५५ मध्ये ते पोलीस खात्यात फौजदार झाले, आणि १९५६ च्या मेलबर्नची वाट गुडघ्याच्या दुखापतीने बंद झाली. प्रवासाच्या खर्चासाठी घर गहाण ठेवणारा माणूस निघाला; गुडघ्यासाठी गहाण ठेवण्याजोगे काही कोणाजवळ नव्हते, कारण तो गुडघा दुरुस्त करून पुन्हा मैदानावर उतरवण्याचे काम करणारी संस्थाच देशात उभी नव्हती.

मातीवरून गादीवर जाण्याने इजाही बदलल्या, हे येथेच सांगून टाकावे. भुसभुशीत मातीत पाय घसरतो आणि पिळाचा जोर मातीत जिरतो; गादीवर बूट घातलेला पाय घट्ट रुततो, अंग फिरते, आणि तो पीळ गुडघ्याच्या अस्थिबंधांना सोसावा लागतो. उलट मातीत अंगावर अंग कोसळून मानेला आणि बरगड्यांना जो मार बसे तो गादीवर काहीसा हलका झाला. जुने वस्ताद खांदा, मनगट, घोटा आणि उसण यांत पारंगत होते. पण फाटलेला अस्थिबंध लेपाने जुळत नाही आणि बोटांनी दिसतही नाही.

दरम्यान मुंबईत वेगळ्याच कारणाने वेगळीच तयारी चालली होती. मुंबई इलाख्यात कुवलयानंदांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीनंतर १९३८ मध्ये कांदिवलीला शारीरिक शिक्षणाची सरकारी प्रशिक्षणसंस्था निघाली, तेथून शाळाखात्याला शिक्षक मिळाले. स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत पोलिओच्या साथीने पांगळी झालेली मुले केईएम इस्पितळात येऊ लागली, आणि त्यांच्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने भौतिकोपचाराचे विद्यालय तेथे उघडले. १९५५ मध्ये हाजी अलीस पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था आली. निर्जीव पडलेल्या स्नायूंना हळूहळू कामास लावण्याची जी कला तेथे लहान मुलांच्या पायांवर घासूनपुसून तयार झाली, तीच पुढे खेळाडूंच्या पायांना लागू पडली. पतियाळाची राष्ट्रीय क्रीडासंस्था १९६१ मध्ये निघाली, तोवर खाशाबांचे कुस्तीचे दिवस सरले होते.

आज कोल्हापूरच्या गंगावेशीत किंवा शाहूपुरीत गुडघा गेलेल्या पठ्ठ्याला कोणी अंधारात ठेवीत नाही. चित्र निघते, अस्थिबंध फाटला की नाही ते कळते, दुर्बिणीतून शस्त्रक्रिया होते, आणि डॉक्टर बजावून सांगतात की नऊ महिने मैदान नाही. त्या नऊ महिन्यांत करावयाच्या व्यायामाचा कागदही हातात मिळतो, ज्यात सुश्रुताच्या गोळ्याखड्यांची जागा रबरी पट्ट्यांनी घेतली आहे. पठ्ठा तो कागद वस्तादाला दाखवतो. वस्ताद वाचतो, मान हलवतो, आणि मग विचारतो की जत्रांचा हंगाम चार महिन्यांवर आला, कुस्त्या ठरून गेल्या, रोजचे दूध, बदाम आणि तूप इनामाच्या भरवशावर उधारीने येते आहे, तर हे नऊ महिने खुराकाचा खर्च कोणी सोसायचा. पठ्ठ्याचा बाप शेजारीच बसलेला असतो. तो डॉक्टरांकडे जाऊन विचारतो की नऊचे सहा होतील का.